दोष भट्टीचा नव्हता

कासम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होतो. फोन त्याच्या मुलीचा, जुबेदाचा. म्हणाली, "काका, अब्बा गेले. असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर नेणार हायत." मी तिला सांगितलं, मी आल्याशिवाय उचलायचं नाय. खरं तर त्यांच्यात थांबवून ठेवत नाहीत, आणि मी काही त्यांच्या घरातला नाही. पण सांगितलं. आमच्या वाडीतून पोलादपूरला उतरायचं, तिथून महाडची एसटी, महाडवरून तुडीलला रिक्षा... ऊन चांगलंच तापलं होतं. पोचलो तेव्हा माणसं दारात उभी होती आणि जुबेदाचा नवरा सगळ्यांना म्हणत होता, धोंडूकाका येतायत, थोडं थांबा. कब्रस्तानात सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती घातली. माझ्या हातात माती कशी द्यायची असं कुणाला वाटलं असेल तर त्याने ते तोंडावर आणलं नाही, आणि आणलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

पुढे काही दिवसांनी महाडच्या एका पेपरात त्याच्या नावावर चार ओळी आल्या. 'खासगी कारखान्यातील निवृत्त कामगार' असं त्यात लिहिलं होतं. मी तो पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि सुनेकडे कागद मागितला. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीसुद्धा सलग नाही. पण कासम निवृत्त कामगार होता एवढंच लोकांना कळणार असेल तर त्यापेक्षा काहीच न कळलेलं बरं. कासम पोलाद शिजवायचा. हा शब्द आम्हा दोघांचाच होता, पण तोच बरोबर आहे.

आमची ओळख झाली ती बिरवाडीत. तिथल्या बाजूला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते आणि बाहेरगावची माणसं बिरवाडीत खोल्या घेऊन राहायची. मी मुंबईच्या एका फौंड्रीत फावडं मारून, खोकला घेऊन परत आलेलो. कासम गवंड्याचा मुलगा. त्याच्या बापाने महाडच्या पेठेत चुन्यात बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत, पहार लावली तर पहार वाकते. कासमही बापाच्या हाताखाली शिकला होता, पण तोवर सिमेंट आलं आणि चुन्याचं काम बसलं. त्याचा भाऊ कुवेतला होता. तो सारखा बोलवायचा आणि हा सारखा पुढच्या ईदपर्यंत ढकलायचा. अशात एका शेठने मुंबईतली जुनी विजेची भट्टी विकत घेऊन इथे आणून बसवली. आम्ही दोघं एकाच सकाळी फाटकावर उभे राहिलो. माझं गाव विचारून कासम म्हणाला, "पोलादपूरचा माणूस पोलाद करायला एवढ्या लांब आला? तिकडचं संपलं काय?" मी त्याच्याशी त्या दिवशी बोललो नाही. संध्याकाळी त्यानेच खोली बघून ठेवली होती, दोघांसाठी.

आमच्या वाडीत तेव्हा विजेचा दिवा नव्हता, आणि इथे विजेने लोखंडाचं पाणी होत होतं. भट्टी म्हणजे माणसापेक्षा उंच असा लोखंडी हंडा, आतून विटा लावलेला. वर झाकण, झाकणाला तीन भोकं, आणि त्यातून खाली उतरणाऱ्या मांडीएवढ्या जाड तीन काळ्या कांड्या. हंड्यात भंगार भरायचं, झाकण लावायचं आणि कांड्या खाली सोडायच्या. त्या भंगाराला भिडल्या की जो आवाज व्हायचा... वीज डोक्यावर पडते तेव्हा एकदाच पडते, इथे ती पडतच राहायची. पहिल्या दिवशी काहीजण पळाले ते बिरवाडीच्या नाक्यावर जाऊन थांबले. कासम तिथेच उभा. नंतर म्हणाला, आमच्या मोहल्ल्यात पाण्याच्या पाइपावरून बैठक झाली होती, तिच्यापुढे हे काय.

पण भंगार वितळवण्यात काही कसब नाही, ते काम विजेचं. वितळलेल्यातलं वाईट काढून टाकणं हे काम माणसाचं, आणि तिथे कासमचा हात बसला. रस तयार झाला की त्याच्यावर मळी तरंगते, उसाच्या काहिलीवर येते तशी. पहिली मळी काळी. ती लांब दांड्याच्या खुरप्याने ओढून बाहेर काढायची, अंगावर ओलं गोणपाट घेऊन. मग वरून चुना टाकायचा, कोळशाची पूड टाकायची आणि दुसरी मळी धरायची. ही दुसरी मळी रसातलं उरलंसुरलं वाईट चोखून घेते. सळई बुडवून बाहेर काढली की मळीचा थर सळईवर चिकटून यायचा. आधी काळपट, मग तपकिरी, मग राखाडी... आणि पोलाद साफ होत आलं की पांढरा. हा पांढरा थर थंड झाला की आपणहून तडकायचा आणि त्याचं पीठ होऊन खाली पडायचं, कुणी हात न लावता. ते पीठ पडल्याशिवाय कासम भट्टी ओतू द्यायचा नाही. शेठ आला, साहेब आला, वीज महाग झाली, कुणी काही म्हणो. "अजून कच्चं हाय," एवढंच म्हणायचा आणि सळई झटकायचा. बिर्याणीच्या हंडीवरचं झाकण बायको उघडू देत नाही, तसा तो भट्टीपुढे उभा राहायचा. मी घाई करणारा माणूस. आमची भांडणं व्हायची आणि दर वेळी मी हरायचो, हे मी इथे पहिल्यांदा मान्य करतो आणि शेवटचं.

आम्ही तेव्हा बंदरातल्या क्रेनसाठी पोलादी चाकं ओतत होतो. मोठी, दोन माणसांनी कवेत घ्यावीत अशी. उन्हाळ्यात ओतलेली चाकं मुंबईला गेली, लागली आणि फिरली. पावसाळ्यात ओतलेली चाकं परत यायला लागली. वरून बघावं तर झकास, पण खरादीवर, म्हणजे लेथवर, लावून वरची साल काढली की आत मुंग्यांच्या वारुळासारखी भोकं. काही चाकं तर उभी चिरली. दुसऱ्या पावसाळ्यातही तेच झालं तेव्हा शेठचा धीर सुटला. जुनी भट्टी घेतली हीच चूक झाली, भट्टीलाच काहीतरी आतून लागलंय, असं तो सगळ्यांसमोर बोलायला लागला. भट्टी भंगारात काढायची आणि शेड भाड्याने द्यायची असं ठरत आलं. म्हणजे आम्ही सगळे घरी. मी मुंबईच्या धुळीत परत गेलो असतो. कासम कुवेतला गेला असता, आणि तो एकदा गेला असता तर तिकडचाच झाला असता, मला माहीत होतं. भट्टी विकायची म्हटल्यावर त्याचं जेवण तुटलं होतं.

आमचे इंजिनिअर पाटणकर साहेब तरुण होते, पण मन लावून काम करणारे. त्यांनी सांगितलं, पोलादात पाणी शिरतंय. पाणी म्हणजे ओलावा. रसाच्या उष्णतेने त्याचा वायू होतो, रस तो पिऊन घेतो आणि थंड होताना बाहेर सोडतो, त्याचीच ही भोकं. मग आम्ही पाणी शोधत सुटलो. छपराचे पत्रे बदलले. भंगार आगीवर शेकून घेतलं. कांड्यांना थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या तपासल्या. रस ओतून घ्यायची लोखंडी बादली लालबुंद होईपर्यंत तापवली. कासम सगळ्यात पुढे. पत्रेवाल्याला शिव्या घाल, भंगारवाल्याला बोल, मलाही म्हणाला की तुझं घाम गाळणंच एवढं हाय की रस ओला होतो. आणि भोकं काही जाईनात.

आता चुन्याचं सांगतो, कारण सगळं तिथे अडकलं होतं. चुना यायचा ढेकळं होऊन, चुनभट्टीतून भाजून काढलेला. आमच्या कोकणात भिंत बांधणाऱ्या माणसाला असा ढेकळाचा चुना चालत नाही. तो विरवावा लागतो, मुरवावा लागतो. पाणी पिऊन, फुगून, मऊ पीठ झाला की मग तो कामाचा. विरवल्याशिवाय चुना वापरणारा गवंडी म्हणजे भात न शिजवता वाढणारा आचारी. कासमच्या बापाने त्याला लहानपणापासून हेच शिकवलेलं. उन्हाळ्यात ढेकळं ढेकळंच राहायची, ती आम्ही हातोड्याने फोडून टाकायचो आणि कासमला ते काही पसंत नसायचं. पावसाळ्यात दमट हवेने पोत्यातल्या पोत्यात ती ढेकळं आपोआप विरायची आणि मैद्यासारखी व्हायची. कासम खूश. चाळण आणून तो ते चाळून घ्यायचा, कडक खडा राहिला तर बाजूला काढायचा, आणि तो मऊ चुना भट्टीत टाकायला द्यायचा. आम्हा सगळ्यांना त्याने हे शिकवलं होतं आणि आम्हाला पटलं होतं. आमच्यातल्या कुणाच्या घरी चुन्याची भिंत नव्हती? साहेब मुंबईचे, त्यांना वाटलं पीठ आहे म्हणजे कोरडंच आहे. हाताला कोरडं लागायचंही.

ज्या दिवशी कासमच्या डोक्यात उजेड पडला त्या दिवशी मी त्याच्या शेजारीच होतो. जेवणाची सुट्टी होती. त्याने एक लोखंडी तवा बादली तापवायच्या आगीवर लाल होऊ दिला, त्यावर आपला चाळलेला चुना टाकला आणि वरून थंड घमेलं उपडं धरलं. थोड्या वेळाने घमेलं उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतून पाणी सुटलं होतं. थेंब थेंब, भाताच्या झाकणाला सुटतं तसं. त्याने बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिला. सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, फक्त स्वतःवर घ्यायचा राहिला होता. बापाने शिकवलेली गोष्ट होती ती... तिच्यावर कोण संशय घेतो?

मी त्याला सल्ला दिला आणि तो सल्ला मला आजही शहाणपणाचा वाटतो. म्हटलं, गप बस. उद्यापासून ढेकळाचा ताजा चुना घालू, भोकं जातील, साहेब म्हणतील पत्रे बदलल्याचा गुण आला. तुझं नाव तुझ्यापाशी राहील. कासम म्हणाला, आणि तोवर भट्टी विकली म्हणजे? मी म्हटलं, नाही विकत एवढ्यात. तर म्हणाला, "आणि धोंडू, माझ्यामागनं दुसरा कोण चाळून घालंल, त्याला कोण सांगणार? तू? तू तर गप बसणार हायस." मी रागाने डबा उचलला आणि लांब जाऊन जेवलो.

भट्टी बघायला गिऱ्हाईक आलं ते त्याच आठवड्यात. शेठ त्याला हंड्याभोवती फिरवत होता आणि पाटणकर साहेब मान खाली घालून मागे चालले होते. कासम तवा आणि घमेलं घेऊन मध्येच जाऊन उभा राहिला. म्हणाला, शेठ, जरा बगा. सगळ्यांसमोर त्याने चुना तव्यावर टाकला, घमेलं धरलं आणि उलटं करून दाखवलं. शेठला काही उमगलं नाही. साहेबांना उमगलं. त्यांनी घमेल्याला हात लावला आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते म्हणाले, हे मला आधी सुचायला हवं होतं. कासम म्हणाला, साहेब, तुमी नका मधे येऊ. आणि शेठकडे वळला.

"शेठ, भट्टीचा दोष नाय. तिला विकू नका. दोष माझ्या चुन्याचा हाय."

शेठ तापला. सगळ्या चाकांची भोकं त्याच्या डोळ्यांपुढे आली असणार. ओरडून म्हणाला, "मग दोन वर्षं तू इथे करत काय होतास?"

"चुकत होतो," कासम म्हणाला.

मी खूप माणसं बघितली. मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेली बघितली. इतक्या सरळ आवाजात हा शब्द म्हणणारा दुसरा माणूस मी बघितला नाही. खाली मान घालून नाही, हात जोडून नाही. 'चहा घेत होतो' म्हणावं तसा म्हणाला. कासमने एकच मागितलं. पाऊस चालू असतानाच, याच भट्टीत, एक हीट, म्हणजे एका वेळचा रस, आपल्या हाताने शिजवू द्यावी. चाकात भोक निघालं तर भट्टीबरोबर आपल्यालाही काढा. गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं गेलं.

ताजा ढेकळाचा चुना मागवला. तोही कासमने तसाच घेतला नाही. लोखंडी पेटीत आगीवर लाल करून ठेवला आणि गरम असतानाच फावड्याने भट्टीत टाकला. त्या दिवशी बाहेर पाऊस असा कोसळत होता की पत्र्यांच्या आवाजात भट्टीचा आवाज बुडाला. काळी मळी ओढून काढली, दुसरी धरली. सळईवर तपकिरी आली, राखाडी आली. शेठ घड्याळ बघत होता, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा मनात म्हणत होतो की ओत बाबा आता. "अजून कच्चं हाय." सळई पांढरी आली तरी तो थांबला, पीठ पडेपर्यंत थांबला. मग लांब चमचा आधी मळीत फिरवून घेतला, रसात बुडवला आणि नमुना छोट्या साच्यात ओतला. इथेच सगळं कळतं. रसात वायू असेल तर नमुना गार होताना टम्म फुगून वर येतो. पोट साफ असेल तर मध्ये खळगा पडून खाली बसतो. आधीच्या पावसाळ्यांत तो किंचित का होईना, वर यायचाच. आम्ही सगळे साच्यावर वाकलो होतो. शेठही वाकला होता, त्याचं पांढरं धोतर कोळशाने भरलं. नमुना थरथरला, त्याच्यावर साय धरल्यासारखी झाली... आणि मध्ये गालावर खळी पडावी तसा खळगा पडला. कासमने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, ओता.

चाकं गार झाली, खरादीवर चढली, साल निघाली. आतून चांदीसारखी सलग. पाटणकर साहेब चाकावरून हात फिरवतच राहिले. भट्टी राहिली आणि कासम कुवेतला गेला नाही. शेठने त्याला मेस्त्री केलं, पण मला जास्त मोठं वाटतं ते पुढचं. नवीन माणूस भट्टीवर आला की कासम त्याला काही शिकवायच्या आधी तवा आणि घमेलं काढायचा आणि आपली चूक करून दाखवायचा. हसत हसत, बापाच्या भिंतीपासून सगळं. मी चिडायचो, म्हणायचो की पहिल्याच दिवशी माणसाला आपली फजिती कशाला सांगतोस, उद्या तो तुझं ऐकणार नाही. तर म्हणायचा, "उद्या तो चुकला की माझ्याकडं सांगाया तरी येल." आणि खरंच यायचे. त्या भट्टीवर चूक लपवलेली मला आठवत नाही. लोकांना वाटतं पोलाद आगीने चांगलं होतं. आमच्याकडे ते अशाने चांगलं व्हायचं.

पुढे नवीन तऱ्हेच्या भट्ट्या आल्या. आमची बंद पडली आणि तिचा हंडाही एक दिवस ट्रकवर चढला. आम्ही दोघं म्हातारे झालो. तो तुडीलला, मी डोंगरात. वर्षातून दोन-तीनदा मी त्याच्याकडे उतरायचो, ईदेला शिरखुर्मा प्यायला आणि मधल्या काळात भांडायला. डोळे अधू झाले होते तरी नातीच्या शाळेच्या भिंतीला लावलेला गिलावा बोटाने वाजवून, यात वाळू जास्त हाय असं सांगायचा. शेवटच्या भेटीत तो पलंगावर होता. छातीत पाणी झालं होतं. मला म्हणाला, बग, आता माझाच चुना ओला झाला. मी त्याच्यावर ओरडलो की असलं बोलायचं नाही. तो हसला, खोकला... आणि माझा हात धरून झोपला.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी परत तुडीलला गेलो. त्याच्या घराच्या पायरीपाशी, पाय धुवायच्या जागी, एक चाक जमिनीत बसवलेलं आहे. परत आलेल्या चाकांपैकी ते एक. बाकीची पुन्हा वितळवली, हे त्याने शेठकडून मागून घरी आणलं होतं. साल निघाल्यामुळे भोकं वरच्या अंगाला उघडी आहेत, पाय धुतले की त्यात पाणी साठून राहतं आणि चिमण्या येऊन पितात. त्या दिवशी महाडहून आलेला एक पाहुणा पाय धुताना थांबला आणि सहज विचारायला लागला की चांगल्या घराच्या दारात हे सडकं चाक कशाला ठेवलंय. हा प्रश्न त्या दारात नेहमीचा. प्रश्न आला की कासम आतून काठी टेकत यायचा आणि गोष्ट सुरू व्हायची. त्या दिवशी तो येणार नव्हता. मी उठायला लागलो, कारण ही गोष्ट सांगायचा हक्क आता माझा असं मला वाटलं.

जुबेदा आतून चहाचं तबक घेऊन येत होती. ती उंबऱ्यातच थांबली. दुसऱ्या कुणाची मुलगी 'हे घर माझ्या बापाने बांधलं' असं ज्या आवाजात सांगते, त्या आवाजात ती पाहुण्याला म्हणाली,

"ते चाक माझ्या अब्बांनी बिघडवलंय. बसा, सांगते."

मी परत खाली बसलो.